अठरावा कॉलम

"नंबरानं नको काढूस, जया. नावानं काढ."

दीनानाथ सरांनी आपली कपबशी तिच्या लॅपटॉपपासून हातभर दूर ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवून ते स्क्रीनकडे वाकले. जयाच्या डाव्या खांद्यावर पंधरा महिन्यांची मैत्रेयी झोपली होती. उजव्या हाताच्या दोन बोटांनी जयाने कोडच्या कंसात उणे दोन, उणे तीन, उणे चार, उणे अठरा एवढंच लिहिलं आणि एंटर दाबलं. बावीस कॉलमांचा तक्ता अठरा कॉलमांचा झाला.

"झालं की, सर."

"आज झालं. उद्या कोणी मधेच एक कॉलम घुसवला, तर तुझा अठरावा होईल एकोणिसावा, आणि कोड मुकाट्यानं भलताच कॉलम काढून टाकेल. नाव लिहिलं असलं आणि ते सापडलं नाही, तर निदान ओरडतो तरी. नंबराला काय? अठराव्या जागी कोणी ना कोणी बसलेलं असतंच."

"पण सर, नावं बघा ना केवढाली!" जयाने बोट दाखवलं. मोबाइलवर भरलेल्या फॉर्ममधले आख्खे प्रश्नच कॉलमांची नावं होऊन आले होते. 'बालकाची पुन्हा तपासणी आवश्यक आहे का'. 'भेटीची वेळ तास व मिनिटे'. "एका हातानं कीबोर्ड मराठीत घ्यायचा, परत इंग्रजीत घ्यायचा. तोवर ही उठते."

केतकी स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन आली. "बाबा, रिटायर झालात तुम्ही. शीट माझ्या ताब्यात आहे, मी कशाला कोणाला काही घुसवू देईन? आणि तिला नंबरानंच जमतं. कॉलेजपासूनचं आहे ते."

"मी सांगायचं काम केलं," सर म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळू लागले.

जया हसली. मैत्रेयीच्या पाठीवरून तिचा हात फिरत होता, तो तसाच फिरत राहिला.

सरांनी यवतमाळच्या कॉलेजात दोघींना तीन वर्षं संख्याशास्त्र शिकवलं होतं. जया उमरखेडकडच्या तांड्यावरून आलेली, होस्टेलच्या जेवणाने महिनाभरात अर्धी झालेली. केतकी तिला घरी घेऊन आली आणि पुढे दर रविवारी तिचं ताट याच टेबलावर असे. अमरावतीला एम.एस्सी. दोघींनी एका खोलीत राहून केलं. लग्न झालं, मैत्रेयी झाली, जयाची नोकरी सुटली, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत येऊन केतकीच म्हणाली होती, "आमच्या संस्थेत डेटाचं काम आहे. घरून कर. बाळ मांडीवर असलं तरी चालेल." केतकी तिथे प्रकल्पाची प्रमुख होती. जयाला सख्खी बहीण नव्हती; ती जागा केतकीची होती. आणि ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्याची गरज पडली नव्हती.

काम सोपं होतं. उमरखेड तालुक्यातल्या गावांत आणि तांड्यांवर पाच वर्षांखालच्या मुलांची पाहणी. एका ओळीत एक मूल. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कॉलमात मुलाचं नाव, आईचं नाव, मोबाइल नंबर. तक्ता सगळ्यांसाठी खुला होणार म्हणून ते काढायचे. अठराव्यात भेटीची वेळ. एका फॉर्मला तो भरणाऱ्या बायांनी किती मिनिटं दिली हे जगाला कळायला नको, म्हणून तोही काढायचा. बाकी वजन, उंची, दंडघेर, लसी. आणि सतराव्या कॉलमात पुन्हा तपासणी, हो की नाही. ज्यांच्यापुढे 'हो', त्यांना संस्था गाडी पाठवून यवतमाळला तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेणार होती.

पाहणी चालू असताना जया ढाणकीजवळ माहेरी गेली होती. तिथली फॉर्म भरणारी ममता एक दिवस तिला शेजारच्या तांड्यावर घेऊन गेली. वजनकाटा झाडाला टांगला, आणि पहिल्याच घरी म्हातारी आडवी आली.

"लिहून नेता लिहून नेता, नेता कुठं?" बिजलीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमच्या मोबाइलचं पोट भरते. आमच्या पोरीचं भरते का?"

"बुढे, आमी काय पोट भराले आलो का? वजन घेऊ दे," ममता म्हणाली.

"माह्यंच घे ना मंग. मी बी सुकून राह्यली."

जया पुढे झाली आणि गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत, बोलली. म्हातारीने आधी तिच्या पायातल्या सँडलकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग कडेवरच्या मैत्रेयीकडे. कोणत्या तांड्याची, कोणाची, आजोळ कुठलं, हे सगळं विचारून झाल्यावर ती आत गेली आणि नातीला घेऊन बाहेर आली. राखी. अडीच वर्षांची. काट्याच्या झोळीत बसवल्याबरोबर राखीने भोकाड पसरलं, आणि रडता रडता तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले. नखंही.

ममताने जयाकडे बघितलं. मग मोबाइलवर 'हो' दाबलं.

"याडी, माय," जया म्हणाली, "महिन्याच्या आत गाडी येईल. मोठ्या डॉक्टरला दाखवू. माझा शब्द आहे."

"गाडी नाही आली, तर तुह्या मायले येऊन धरीन मी," बिजलीबाई म्हणाली आणि मैत्रेयीच्या गालाला हात लावून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी केतकीचा मेसेज आला. 'शीट फायनल आहे गं. आता लगेच चालव, अकराला पाठवायचंय.' आदल्या दिवशी मैत्रेयीला लस टोचली होती, अंग तापलं होतं. जयाने कोड चालवला. खाली आलं, उरलेले कॉलम एकोणीस. एरवी तिने थांबून मोजलं असतं, अठरा हवे होते. पण थर्मामीटर वाजला, आणि ती उठली. तक्ता गेला. संध्याकाळी केतकीने आठवण केली, नावं असलेली प्रत नियमाप्रमाणे पुसून टाक, मीही मूळ शीट पुसली. जयाने पुसली, रिकाम्या फोल्डरचा फोटोही पाठवला. नियम पाळल्याचं तिला नेहमीच बरं वाटे.

दसरा झाला. ममताचा फोन आला.

"ताई, गाडीचं काय झालं? तांड्यावर विचारून राह्यले. ते बुढी त मले रस्त्यात अडवते."

"यादी गेली असेल ना तुमच्याकडे?"

"मले कायची यादी! मी त तुमालेच विचारून राह्यली."

केतकीने शेवटचा हात फिरवून खुला केलेला तक्ता जयाने उघडला. भेटीची वेळ, तास व मिनिटे, एक हजार एकशे बारा ओळी, व्यवस्थित होती. त्याच्याआधी, जिथे पुन्हा तपासणी असायला हवी, तिथे ती नव्हती. जयाने कॉलम पुढून मोजले, मागून मोजले. मग उठून गॅसचं बटण बंद आहे ना बघितलं, मैत्रेयीच्या नाकापुढे बोट धरलं, आणि येऊन परत मोजले.

तिने केतकीला फोन लावला. केतकीचा आवाज आला तो अगदी मऊ होता.

"कोडमधे काहीतरी घसरलं असेल गं. होतं. बाळ लहान आहे, झोप नाही तुझी."

"ती मुलं, केतकी? कोणती ते आता कळणार कसं?"

"बघू आपण. तू आधी एक काम कर. मला एक मेल लिही, चुकून कॉलम निघाला म्हणून. वर मी सांभाळते. तुझ्या कामाला धक्का लागू देणार नाही, तेवढं माझ्यावर सोड."

जयाने मेल लिहिला. 'माझ्या हातून चुकून' या शब्दांशी ती पाच मिनिटं थांबली, ते कमी वाटले, म्हणून तिने पुढे 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं जोडलं. केतकीचं उत्तर आलं: एक हृदय, आणि 'जेवून घे'. जयाला रडू आलं. आपल्या चुकीला इतकं पोटात घालणारं माणूस आपल्याला आहे, याचं ते रडू होतं.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी तिने सगळा कोड पुन्हा लिहायला घेतला. या वेळी नावांनी. लांबच लांब नावं टाइप करण्यापेक्षा जुन्या लॉगमधून उचलावीत म्हणून तिने लॉग उघडला. कोड प्रत्येक वेळी चालला की आपल्यामागे एक छोटी फाइल ठेवून जाई: आत आलेले कॉलम कोणते, कोणत्या कॉलमात किती जागा रिकाम्या, हो किती, नाही किती. मुलांची नावं त्यात नसत, म्हणून ती पुसलेली नव्हती.

आत आलेले कॉलम तेवीस.

दहावा, दंडघेर. अकरावा, 'गट क्रमांक'. हा तिला ओळखीचा नव्हता; खुल्या झालेल्या तक्त्यातही तो नव्हता. तिने बोट स्क्रीनवर ठेवून ओळ पुढे नेली. रिकाम्या जागा: वजनात तीन, उंचीत बारा, दंडघेरात शून्य. गट क्रमांकात एक हजार एकशे बारा.

एकूण मुलं एक हजार एकशे बारा.

म्हणजे त्या कॉलमात काहीच नव्हतं. एकाही मुलाला गट नव्हता, एकाही गटाला क्रमांक नव्हता. नुसतं डोक्यावर नाव होतं, आणि खाली सगळ्यांना एकेक जागा पुढे ढकलण्यापुरता तो तिथे उभा होता. सतरावा अठरावा झाला होता. त्याच्यापुढे लॉगमध्ये लिहिलं होतं: हो, एकेचाळीस.

शीटला कोणी हात लावला की जयाला मेल येई. बाळ झाल्यापासून तिने अशा कितीतरी सूचना लावून ठेवल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या उघडत नव्हती. तिने त्या तारखेचा मेल शोधला. सकाळी नऊ बावन्न, केतकी, एक कॉलम वाढवला. मग फोन हातात घेतला. 'आता लगेच चालव', नऊ पंचावन्न.

पाळण्याची दोरी तिच्या दुसऱ्या हातात होती. तिला वाटलं आपण ती ओढतो आहोत. पाळणा थांबलेला होता.

केतकी त्याच आठवड्यात आली. चिवड्याचा डबा, मैत्रेयीसाठी लिंबाच्या रंगाचा फ्रॉक. "मावशीला पापी दे," म्हणत तिने मैत्रेयीला उचललं, आणि मैत्रेयीही तिच्या गळ्यातल्या ओढणीशी खेळू लागली. जयाने चहा ठेवला, आलं ठेचलं, दोन कप आणून ठेवले. मग लॅपटॉप वळवून तिच्यापुढे केला.

"अकरावा कॉलम तू घातलास."

केतकीने बघितलं. "हो. गटवारी करायची होती. राहून गेलं."

"पार रिकामा होता."

"राहून गेलं म्हटलं ना."

"मग माझ्याकडून मेल का लिहून घेतलास?"

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मैत्रेयीने ओढणीचं टोक तोंडात घातलं. केतकीने ते हळूच काढून घेतलं, आणि तिचे हात तसेच मुलीच्या मुठीशी राहिले.

"एकेचाळीस, जया," ती म्हणाली. "प्रस्तावात दहा धरले होते. दहा मुलांचा खर्च. एकेचाळीस पोरं नुसती लिहून ठेवली आणि एकालाही नेलं नाही, असा तक्ता बाहेर पडला असता. पुढच्या वर्षी प्रकल्पच नसता. तुझं कामही नसतं, ममताचंही नसतं."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं, तर काढला असतास तू?"

जयाने लॅपटॉप मिटला.

"तेच तर," केतकी म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं. तुझ्या हातून झालं असतं, तर कोणालाच काही वाटलं नसतं. लहान बाळाची आई आहे, म्हटलं असतं. मी काही तुला कामावरून काढू देणार नव्हते."

जयाने हात पुढे केले. केतकीने मैत्रेयीला दिलं. चहावर साय धरली होती. दारापर्यंत पोचवायला जया गेली, सवयीने, आणि सवयीनेच म्हणाली, "सावकाश जा, गाडीचा स्टँड काढलास का?"

वरच्या लोकांना तिने त्याच संध्याकाळी लॉग आणि नऊ बावन्न, नऊ पंचावन्न या दोन्ही वेळा लिहून पाठवल्या. उत्तर आलं की, आपल्या आधीच्या कबुलीच्या मेलची आमच्याकडे नोंद आहे.

नोव्हेंबर अर्धा सरला तेव्हा ती मुलीला घेऊन एसटीने ढाणकीला उतरली. ममता स्कूटी घेऊन स्टँडवर उभी होती. फॉर्म पाठवला की तिच्या मोबाइलमधून तो पुसला जाई, त्यामुळे तिच्याकडेही नावं नव्हती. होती ती डोक्यात.

"मले आठ आठवतेत," ती म्हणाली. "एकेचाळीस कुठून आठवतीन? हजाराच्या वर पोरं पाह्यली आमी साऱ्या जनींनी."

दोन दिवसांत आठांपैकी सात घरं सापडली. सात मुलांची नावं जयाने वहीत लिहिली, तिथल्या आरोग्य केंद्रात नेऊन दिली, पोच घेतली. आठवं घर बिजलीबाईचं होतं. दाराला कुलूप, उंबऱ्याशी वाळलेली पानं, अंगणातली चूल मोडून विटा एका कडेला रचलेल्या.

शेजारची संगीता धुणं पिळता पिळता उठली.

"गेले ना ते. भाऊबीज झाली का दुसऱ्याच दिवशी. ऊसतोडीले."

"राखीले पन नेलं?" ममताने विचारलं.

"मंग कोनापाशी ठेवतीन? पोरीले पाहाले म्हनून बुढीलेही नेलं."

"कुठं पण? कोणता कारखाना?" जया म्हणाली.

"मले काय माहीत बाई. तिकडंच. सोलापूर का सांगली, का त्याच्याही पल्याड. मुकादमालेच माहीत, तो बी संगंच गेला." तिने मोबाइल नंबर दिला. जयाने तिथेच उभ्याने लावला. बंद होता. पुन्हा लावला.

"बुढी चढेचना ट्रकमधी," संगीता म्हणाली. "दोनदा खाली उतरली. म्हने, गाडी येनार हाय पोरीसाठी, आपल्यातल्याच पोरीनं सांगतलं हाय. पोरगा चिडला मंग तिच्यावर. कोनाची गाडी, कायची गाडी!" तिने धोतर झटकलं. "तुमीच का त्या?"

जयाने मान हलवली.

संगीताने तिच्याकडे पुरतं बघून घेतलं. तिचा आवाज चढला नाही. "ते पोरगी आता आता लय उकिडवी बसे. चार पावलं चालली का बसली, चार पावलं चालली का बसली. बुढी म्हने, खेळून राह्यली."

परतताना स्कूटीवर दोघींच्या मधे मैत्रेयी झोपून गेली. ढाणकीच्या अलीकडे ऊस भरलेला ट्रॅक्टर समोरून आला, तेव्हा ममताने स्कूटी रस्त्याच्या खाली घेतली आणि तो जाईपर्यंत थांबून राहिली.

संस्थेच्या तक्त्यासोबत एक टिपांची फाइल असते. कोणत्या कॉलमाचा अर्थ काय, हे सांगणारी. तक्ता उतरवून घेणाऱ्याला ती आपोआप मिळते. ती लिहायचं काम जयाचं होतं, आणि ते अजून कोणी तिच्याकडून काढून घेतलं नव्हतं. माहेरच्या ओसरीत बसून तिने मैत्रेयीला मांडीवर घेतलं, कीबोर्ड मराठीत घेतला, आणि फाइलच्या अगदी वर, पहिल्या कॉलमाच्याही आधी, लिहायला सुरुवात केली. एका हाताने लिहायला वेळ लागला. तिने तो लागू दिला.

'हे वाचणाऱ्यासाठी. या तक्त्यात एक कॉलम नाही. त्यात एकेचाळीस मुलांपुढे, लगेच डॉक्टरांना दाखवा, असं होतं. सात सापडली. तेहेतीस कोणती, ते मला माहीत नाही. एक मला माहीत आहे, पण ती कुठे आहे ते माहीत नाही. अडीच वर्षांची मुलगी आहे. नाव लिहायची परवानगी नाही. आजीबरोबर ऊसतोडीच्या टोळीत गेली आहे, सोलापूर, सांगली किंवा आणखी पुढे. टोळी यवतमाळ जिल्ह्यातली आहे. रडली की ओठ आणि नखं निळी पडतात. चार पावलं चालून उकिडवी बसते. ती खेळत नसते, तिला श्वास पुरत नसतो. तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. तुमच्या गावाच्या शिवारात टोळी उतरली असेल, तर कृपा करून एकदा जाऊन बघा. दुपारी जा. दुपारी कोप्यांवर, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, म्हाताऱ्या आणि लहान मुलंच असतात.'